लाइनची वही

काका पाण्याची मोटार कधीच स्वतः चालू करत नसत. बंद मात्र स्वतः करत. टाकी भरत आली की पाइपाच्या आवाजावरून त्यांना कळायचं आणि हातातलं काम टाकून ते जिन्याखालच्या बोर्डापाशी जायचे. चालू करायची असली की मात्र जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून हाक मारायचे, "कोण आहे रे वर? मोटार!"

वरच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो, मी आणि पेठ तालुक्यातला माझा रूम पार्टनर. दोघांपैकी एकाने खाली जायचं, पायात चप्पल आहे हे काकांना दाखवायचं आणि बटण दाबायचं. तेवढा वेळ काका बोर्डाकडे पाठ करून कुंड्यांकडे बघत उभे राहायचे.

"तेहेतीस वर्षं लाइनमन होते म्हणे," पार्टनर जिना चढताना म्हणायचा. "आणि मोटारच्या बटणाला भितात."

मीही हसायचो. त्याबद्दल मला नंतर वाईट वाटलं, पण हसायचो हे खरं आहे.

काका गेल्या वर्षी गेले. मी आता शेवटच्या वर्षाला आहे आणि हॉस्टेलवर राहतो. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. मला ते नीट जमेल की नाही माहीत नाही.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं घर होतं. मी निफाडकडच्या गावातून पहिल्यांदा नाशिकला राहायला आलो तेव्हा चार घरी खोली विचारली होती. तिथे आधी माझं पूर्ण नाव विचारलं, आणि मग खोली कालच गेली असं सांगितलं. पाचव्या घरी काकांनीही पूर्ण नाव विचारलं. मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं, खिशातून पेन काढलं, एका कागदावर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि पुढे 'अकरा वाजून वीस मिनिटे' असं लिहिलं. मग म्हणाले, "चप्पल घालून मोटार चालू करता येते ना?"

मी म्हटलं, "येते."

"मग सामान आण."

घरात दोन माणसं, काका आणि काकू. आणि तिसरी काकांची वही. काकू तिला 'सवत' म्हणायच्या.

ती वही म्हणजे सबस्टेशनच्या लॉगबुकसारखं आखलेलं जाड रजिस्टर होतं. डावीकडे वेळ, मग जागा, मग बोलणाऱ्याचं नाव किंवा धंदा, आणि शेवटी वाक्य. प्रत्येक वाक्यात एक शब्द असायचाच. लाइन. लोक हा शब्द कुठे, कसा, कशासाठी वापरतात ते काका टिपून ठेवायचे. स्वतः ऐकलेलंच लिहायचं, सांगोवांगीचं नाही, हा नियम होता. 'सात चाळीस, दूध केंद्र, पिशवी घेतलेल्या बाई: ओ काका, लाइनीत या.' 'सोळा दहा, बसस्टँड, दोन मुलं: तो तिच्यावर लाइन मारतो.' त्याच्याखाली, 'सोळा बारा, तिथेच, मुलीचा भाऊ: तुला आज लाइनीवर आणतो.' दुपारनंतरची वेळ ते तेरा, चौदा अशी लिहायचे. बोलतानासुद्धा. काकू विचारायच्या, "जेवायला कधी येणार?" तर म्हणायचे, "तेरा पंधरा."

"माणसासारखं सांगा," काकू म्हणायच्या.

दहावी मराठी माध्यमातून झालेला हा माणूस रविवारच्या जुन्या बाजारातून विटेएवढी जाड इंग्रजी डिक्शनरी घेऊन आला होता. तिच्यात लाइन या शब्दाखाली बारीक अक्षरात रकानेच्या रकाने होते. काका बोट ठेवून एकेक अक्षर लावायचे, पण अर्ध्यात दमायचे. मी इंग्रजी विषय घेतलाय हे कळल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं आणि डिक्शनरी माझ्या मांडीवर ठेवली.

मी वाचायचो, मराठीत सांगायचो, ते ऐकायचे. माझे उच्चार वाईट आहेत हे मला कॉलेजात कळलं होतं. त्या घरात मात्र माझं इंग्रजी कोणी तपासत नव्हतं. एका शब्दावर अडलो तर काका म्हणायचे, "सावकाश. तो कुठे पळून जातोय?"

असंच वाचताना एका संध्याकाळी कळलं की लाइन हा शब्द मुळात जवसाचा आहे. जुन्या लॅटिन भाषेत जवसाला जे म्हणायचे त्यावरून जवसाच्या धाग्याचं नाव पडलं. धागा ताणून सरळ रेघ मारायचे, म्हणून ती रेघही लाइन. मग रांग, मग वंश, मग आगगाडीचा मार्ग, मग तारा. त्याच जवसापासून लिनन कापड आलं. आणि त्या कापडाचं अस्तर लावायचे म्हणून अस्तराला इंग्रजीत लायनिंग म्हणतात.

काकांनी डिक्शनरी माझ्या मांडीवरून स्वतःकडे ओढली. मग आत बघून म्हणाले, "अगं, जवसाची चटणी आहे का?"

"आहे."

"आण. बघू दे जरा."

आणि ताटलीतल्या चटणीकडे ते असं बघत बसले की काकूंनी मला खुणेने विचारलं, यांना बरं आहे ना?

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी प्लास्टिकच्या टबात जवस पेरलं. निळी, नाजूक फुलं आली. सकाळी उमलायची आणि दुपारपर्यंत गळून पडायची. बोंडं वाळल्यावर धागा काढायचा म्हणून काकांनी जवसाची वाळकी ताटं बादलीत भिजत घातली. वाचलं होतं तसं दहा दिवस कुजू द्यायची होती. चौथ्या दिवशी वास जिन्यापर्यंत आला. सहाव्या दिवशी पार्टनर म्हणाला की एक तर ती बादली तरी राहील, नाही तर मी तरी. काकूंनी बादली गच्चीवर नेऊन ठेवली आणि शेजाऱ्यांना "यांचा प्रयोग चाललाय" असं सांगितलं. शेवटी एवढ्या सगळ्यातून वीतभर धागा निघाला. पिवळट आणि गाठाळ. काकांनी तो वहीच्या पहिल्या पानावर सुईने टाचला आणि खाली लिहिलं, 'लाइन. मूळ.'

मी एकदा विचारलं, "काका, हाच शब्द का?"

"तेहेतीस वर्षं तोंडात होता," ते म्हणाले. "एकदा बघावं म्हटलं, काय आहे ते."

मलाही वहीत भर घालायची हौस आली होती. गावी गेलो की कान उघडे ठेवायचो. द्राक्षबागेत मजुरांना वेलींच्या रांगा वाटून देतात तेव्हा म्हणतात, 'ही लाइन तुझी, ती हिची.' माझी आई त्या कामाला जाते. हे वाक्य काकांनी आईच्या नावासकट लिहून घेतलं. मग मी उत्साहाने म्हटलं, "अजून एक. आमच्याकडे शेतीच्या विजेची वाट बघत असतात ना, तेव्हा सगळे एकमेकांना विचारतात, लाइन सोडली का?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली. "आज एवढंच," म्हणाले आणि उठले.

माझं काही चुकलं का ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी ते नसताना मी वही चाळली. शेकडो वाक्यं होती. लाइन तुटली, लाइन ओढली, लाइन गेली, लाइन आली. लाइन सोडणं कुठेच नव्हतं. आयुष्यभर लाइनमन असलेल्या माणसाच्या वहीत नेमकं तेच नव्हतं.

दर दोन-तीन महिन्यांनी सटाण्याकडून आप्पा यायचे. काकांचे नोकरीतले जोडीदार. दोघं एका वेळी लागले, एका गँगमध्ये राहिले. आप्पांना उजवा हात कोपरापासून नव्हता. सदऱ्याची रिकामी बाही लोंबायची. ते आले की काका आधी ती बाही नीट घडी घालून पिनेने वर टाचायचे, मग पाणी विचारायचे. या वेळात दोघं एकमेकांशी बोलत नसत. नंतर मात्र आप्पांचं तोंड बंद व्हायचं नाही.

"काय भो, किती भरनी तुनी वही?"

"अर्धी."

"मरना पहिले पुरी कर. नही तं माले देई जाशी, आन माले तं वाचता बी येत नही एवढं." आणि मोठ्याने हसायचे. माझ्याशी बोलताना ते अहिराणी आवरून घ्यायचे, पण ती मधूनमधून निसटायचीच.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. दुसऱ्या वर्षाला इंग्रजीच्या मॅडमनी सेमिनार ठेवला. आपल्या घरीदारी बोलला जाणारा एखादा साधा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, त्याचे अर्थ काय, हे वर्गापुढे दहा मिनिटं इंग्रजीत सांगायचं. मी अर्थातच लाइन घेतला. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "आपली वही? कॉलेजात?" त्या महिन्यात त्यांनी माझ्यासाठी वहीतली वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवून दिली, वेळेसकट.

पण मला उभं राहून बोलता येत नाही. पहिल्या वर्षी एकदा मला स्वतःची ओळख इंग्रजीत करून द्यायची होती. नाव सांगितलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. मागून कोणीतरी हसलं आणि मी खाली बसलो. त्यानंतर मी कुठल्याही तासाला तोंड उघडलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. वडील गवंडी आहेत. ते कामावर सगळ्यांना सांगतात, "पोरगं इंग्रजी शिकतंय." सेमिनार जवळ येत गेला तसं मला वाटू लागलं की पुन्हा तसं बसण्यापेक्षा इंग्रजी सोडलेलं बरं. विषय बदलायच्या अर्जाची शेवटची तारीख गुरुवार होती, सेमिनार शनिवारी. मी अर्ज आणला, भरला, सही केली. कारण म्हणून लिहिलं, 'वैयक्तिक'. स्वतः द्यायला गेलो तर मॅडम समोर येतील, म्हणून गुरुवारी सकाळी तो पार्टनरकडे दिला. "ऑफिसात टाकून दे," म्हटलं.

पार्टनर फाटकातून बाहेर पडताना काकांनी त्याच्या हातातला कागद पाहिला. आदल्या दिवशीच आप्पा आले होते, तेही ओट्यावर बसलेले. मी जिन्यावरून बघत होतो.

"कोणाचं आहे ते?" काकांनी विचारलं.

"याचं. इंग्रजी सोडतोय. द्यायला सांगितलंय मला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी का सोडतोस, वहीचं काय, असं काहीतरी ते म्हणतील म्हणून मी मान खाली घातली. पण ते म्हणाले, "तू घेतलंस ना? मग तूच परत करायचं. दुसऱ्याच्या हाती नाही."

"काका, तो साधा अर्ज आहे."

"असू दे."

"त्याला जायचंच आहे ऑफिसात. दोन मिनिटांचं काम आहे."

हे मी काय बोललो ते मला तेव्हा कळलं नाही. काकांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पार्टनरच्या हातातून कागद घेतला, माझ्या हातात दिला, आणि आत निघून गेले. पार्टनर म्हणाला, "माझा तास आहे," आणि गेला.

आप्पांनी मला ओट्यावर बोलावलं. "बैस," म्हणाले. "तुले परमिट माहीत शे का?"

मी नाही म्हटलं.

"खांबावर चढायचं तर आधी सबस्टेशनला जायचं. माझ्या कामासाठी अमकी लाइन बंद करा असं लिहून, सही करून परमिट घ्यायचं. काम झालं की खाली उतरायचं, पुन्हा सबस्टेशनला जायचं, परमिट परत करायचं. ज्याने घेतलं त्यानेच. बाप आला तरी चालत नाही. परमिट परत आलं की मगच ऑपरेटर लाइन सोडणार, वीज चालू करणार."

"मग?"

"त्या दिवशी परमिट माझं होतं. काम झालं, मी खाले उतरनू, च्या बी पिनू. हा तुझा काका तिथून सायकलवर सबस्टेशनला निघाला होता. मला चहा पिताना बघितलं यानं. गावातली माणसं पाण्यासाठी खोळंबलेली. याला वाटलं, झालंय माझं, मला एवढ्या उन्हात कशाला हेलपाटा. मला म्हणाला, मी सांगतो. मी म्हटलं, सांग. अन् हा गेल्यावर मन्हा ध्यानमा उनं, पक्कड वरच राही गयी."

आतून काकूंच्या लाटण्याचा आवाज येत होता.

"दोन मिनिटांचं काम. मी परत चढलो. तिकडे यानं सांगितलं, त्याचं झालं, लाइन सोडा. यानं चांगल्यासाठीच केलं. ऑपरेटरनं बी चांगल्यासाठीच केलं. मी बी हो म्हटलेलं होतं. तिघंबी चांगलीच माणसं." मग स्वतःच हसले. "मला फोनवर बसवलं पुढे. तक्रारी घ्यायला. फोन उचलायला एकच हात लागतो. पण यानं त्या दिवसापासून लाइन सोडा म्हटलं नाही कधी. बटण लावलं नाही. अन् नोकरी संपल्यावर हे वहीचं याड."

"तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?"

"बोलनू ना. लय येळा. ऐकतो का तो?"

अर्ज माझ्या हातात घामाने ओला झाला होता. तो घेऊन मी कॉलेजात गेलो. ऑफिसच्या खिडकीपाशी रांग होती. मी रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आला, आणि बाईंनी हात पुढे केला. मी म्हटलं, "काही नाही," आणि बाजूला झालो. धैर्य आलं होतं असं नाही. 'वैयक्तिक' असं लिहिलेला कागद स्वतःच्या हाताने देता येईना, एवढंच.

घरी आल्यावर काकांना सांगितलं, "शनिवारी बोलणार आहे."

त्यांनी मान हलवली. त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन लावला. तुम्ही भिंतीला दोरी लावता तिला काय म्हणता, असं विचारलं. मला माहीत होतं, पण काकांच्या नियमाप्रमाणे बोलणाऱ्याकडून ऐकायचं होतं.

"लाइनदोरी," वडील म्हणाले. "का रं?"

"ती कशी लावतात?"

"दोन टोकाला खिळं. ताणायची. अन् वीट तिला चिकटू द्यायची नाय. केसाएवढं अंतर ठेवायचं. चिकटली की दोरीला ढकलती, मंग आख्खी भिंत वाकडी जाती. दोरी तर सरळच दिसती, म्हून लवकर कळत बी नाय. कशाला पाहिजे?"

"कॉलेजात सांगायचंय."

"माझी दोरी?" त्यांनी विचारलं. शुक्रवारी गावाकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर त्यांनी ती पाठवून दिली, खिळ्यांना गुंडाळलेली, सिमेंटने पांढरी पडलेली. निरोप होता, हरवू नको, आणि काकांना जय भीम सांग.

शनिवारी सकाळी मी निघालो तर काका बोर्डापाशी उभे. हातात स्वतः आखलेलं परमिट, खाली कार्बन लावलेलं. 'घेणाऱ्याचे पूर्ण नाव' इथे मी लिहिलं. 'कोणत्या लाइनवर' इथे त्यांनी आधीच 'इंग्रजी' लिहिलं होतं. 'काम' याच्यापुढे 'दहा मिनिटे बोलणे' लिहून ते खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'दहा मिनिटे उभे राहणे'.

मी सही केली. काकांनी वेळ टाकली आणि घराचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला.

"अहो!" काकू आतून ओरडल्या. "फ्रीज आहे घरात!"

"परमिट दिलंय," काका म्हणाले.

सेमिनार कसा झाला ते थोडक्यात सांगतो. मी दोन मुलांना लाइनदोरीची टोकं धरायला दिली आणि जवसापासून सुरुवात केली. वाक्यं तुटत होती. डेडलाइन या शब्दापाशी आलो. एका जुन्या लढाईतल्या कैद्यांच्या तळावर एक रेघ असायची, ती ओलांडली की गोळी घालत, त्यावरून तो शब्द आला असं म्हणतात. हे सांगितलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. अगदी पहिल्या वर्षासारखं. मागे कोणी हसलं की नाही मला आठवत नाही. काम बोलणं नव्हतं, उभं राहणं होतं, एवढंच डोक्यात होतं. मी उभा राहिलो. मॅडम थांबल्या. मग मला काकांचं एक वाक्य आठवलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, ज्यांच्या घरी मी राहतो ते लाइनमन होते, आणि ते म्हणतात, आमच्यात डेड लाइन म्हणजे सगळ्यात चांगली लाइन, कारण तिच्यात वीज नसते, तिला हात लावता येतो. मॅडमनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. दहा मिनिटं संपली तेव्हा मी उभाच होतो.

घरी पोचलो तर पार्टनर पायरीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसलेला. "ये बाबा! सकाळपासून लाइन बंद करून ठेवलीय तुझ्यासाठी. मोबाईल मेला माझा."

"दूध तिसऱ्यांदा तापवलंय मी," काकू म्हणाल्या.

बोर्डाशेजारी दोन खुर्च्या होत्या. एकीवर काका, दुसरीवर आप्पा. मी परमिट पुढे केलं.

"पूर्ण नाव?" काका म्हणाले.

मी सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव. मोठ्याने.

"काम झालं?"

"झालं. मध्ये एकदा थांबलो. पण उभा होतो."

"वर काही राहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. आणि सवयीने पिशवीत हात घातला. लाइनदोरी नव्हती. टोकं धरणाऱ्या मुलांकडून मी ती परत घेतलीच नव्हती. माझा चेहरा बघून आप्पांना कळलं असावं, कारण ते हसायलाच लागले.

"काय राहिलं?" काकांनी विचारलं.

"वडिलांची दोरी."

पार्टनरने कपाळावर हात मारला. "सोमवारी मिळेल ना ती! काका, लावा आता स्विच."

"घेऊन ये," काका मला म्हणाले. शांतपणे. "आम्ही आहोत इथे."

मी पुन्हा कॉलेजात गेलो. वर्ग बंद होता. दोरी शिपाईमामांनी टेबलाच्या खणात ठेवली होती, ती शोधायला वेळ लागला. परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घर तसंच होतं. पंखा बंद, काकू ओट्यावर, पार्टनर पायरीवर आडवा झालेला, आणि काका बोर्डापाशी त्याच खुर्चीत. एवढ्या वेळात ते पाणी प्यायलाही उठले नव्हते, असं काकू नंतर म्हणाल्या.

मी दोरी दाखवली. परमिटवर सही केली.

"वर काही राहिलं?"

"नाही."

"सगळे खाली आहेत?"

"आहेत."

काका उठले. नेहमीसारखी आम्हाला हाक मारतील म्हणून पार्टनर चप्पल शोधू लागला. पण काकांनी हाक मारली नाही. ते स्विचसमोर उभे राहिले, हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला.

आप्पा खुर्चीतून उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"मी खाले शे," ते म्हणाले. "आठेच शे, तुन्या बाजूले. सोड."

काकांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. पायाकडे, मग टाचलेल्या बाहीकडे, मग तोंडाकडे. मग म्हणाले, "लाइन सोडतो." आणि स्विच वर केला.

पंखा आधी हळू फिरला. आत फ्रीज गुरगुरला. "आली बाई एकदाची," काकू म्हणाल्या आणि दूध ठेवायला उठल्या.

काका गेल्यावर काकूंनी ती वही मला दिली. त्या दिवसाची ओळ तिच्यात आहे.

'सतरा पस्तीस. स्वतःचे घर. मी: लाइन सोडतो. माणसे खाली असल्याची खात्री केली.'